फतकी खुडूक बसली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना खण आहे, शिवणाच्या टेबलाचा. टेबल आत खोलीत आहे आणि मी बाहेर अंगणात भिंतीला टेकून उभा आहे. मला गरम पाण्याने घासून काढलंय. माझी तळाची फळी अजून ओली आहे आणि ती वाळेपर्यंत मला दुसरं काम नाही. तेवढ्यात तुम्हाला माझी हकिगत सांगतो. ती फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला एका सुताराने केलं. टेबलासाठी त्याने चांगलं लाकूड आणलं होतं, पण माझ्या वेळेपर्यंत ते संपत आलं. मग त्याने एका जुन्या दाराची फळी उचलली.

"खणाचं काय एवढं, बाई," तो म्हणाला. "आत असतो. कोण बघतंय?"

बाई शिवणकाम करायच्या. त्या म्हणाल्या, "कोणी बघत नाही म्हणूनच नीट करा. माझी बोटं रोज तिथंच जाणार आहेत."

सुतार कुरकुरला, पण त्याने माझ्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. आज मी एवढा म्हातारा झालो, तरी माझं कुसळ कोणाच्या बोटात गेलेलं नाही.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. माझ्यात रिळं, हुक, टाचण्या, खडू आणि डबीभर बटणं असायची. बाई कपड्यावरची नजर न उचलता हात घालायच्या आणि हवी ती वस्तू बाहेर काढायच्या. कपडे टाकायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "तुमचा खण बघून आम्हाला आमच्या घराची लाज वाटते हो." हे ऐकून मी फुगायचो. पावसाळ्यात तर खरोखरच फुगायचो आणि मग उघडायचो नाही.

बाईंचे यजमान पंप दुरुस्त करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. एकदा त्यांनी तेलकट वॉशर माझ्यात टाकला आणि एका पांढऱ्या झग्याला डाग पडला. त्या दिवशी घराची वाटणी झाली. बाई म्हणाल्या, "तुमचे पंप अंगणात, माझी सुई घरात. या उंबऱ्याच्या आत एक नटबोल्ट दिसला तर विहिरीत टाकीन."

"मला का नटाला?"

"जो आधी हाताला लागेल त्याला."

पुढे माझ्या खालची पट्टी झिजली. मी अडकायला लागलो. बाई टेबलाला गुडघा लावून मला ओढायच्या. एक दिवस माझी मूठच उपटून आली आणि त्या मुठीसकट पाठीवर पडल्या. मिस्त्री हसून हसून बेजार झाले. "टेबलाचा दात पाडलास की गं!" म्हणाले. उद्या दुरुस्त करतो, असंही म्हणाले. दुनियेचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाचा घरातला उद्या कधी उजाडत नाही. शेवटी बाईंनी मला बाहेर काढलं, माझ्या जागी पत्र्याचा डबा ठेवला आणि मला अंगणात नेऊन टाकलं. उन्हात माझा रंग गेला. एका कोपऱ्यात कोळ्याने जाळं केलं. मित्रांनो, कामाची वस्तू बिनकामाची झाली की तिला तिचा आकारही नकोसा होतो.

मग बदकं आली. एका बाईने आपला पक्ष्यांचा व्याप बंद केला आणि जाताना आमच्या बाईंना एक जोडी दिली. त्यातला नर एका भटक्या कुत्र्याने नेला. मादी राहिली. ती चालताना दर चार पावलांवर फतकल मारून बसायची, म्हणून मिस्त्रींनी तिचं नाव फतकी ठेवलं. फतकीने अख्खं अंगण हिंडून पाहिलं आणि शेवटी माझ्यात येऊन बसली. बाईंनी माझ्या तळाला पेंढा घातला. मी पुन्हा कामाला लागलो.

रोज सकाळी बाई यायच्या आणि फतकीच्या पोटाखाली हात घालायच्या. अंडं काढून घ्यायच्या. नर नसलेल्या बदकिणीच्या अंड्यातून काही निघत नाही, आणि अंडी साठली की ती उगाच उबवायला, म्हणजे खुडूक, बसते, हे त्यांना माहीत होतं. मग म्हणायच्या, "उठा बाईसाहेब, आंघोळीची वेळ झाली." तिला उचलून पाण्याच्या घमेल्यात सोडायच्या. त्याआधी तिचे दोन्ही तळवे उलटे करून बघायच्या. माझा ओला पेंढा काढून कोरडा घालायच्या. फतकीला यातलं काहीच आवडायचं नाही. ती बाईंच्या मनगटाला कडकडून चावायची.

"सोड की तिला," मिस्त्री लांबून म्हणायचे. "चावतेय ती."

"चावू दे. न चावणारी बदकीण एक तर रबराची असते, नाही तर आजारी."

यापलीकडे मिस्त्रींनी बदकांत कधी लक्ष घातलं नाही. बदकं तिची, पंप माझे, असा त्यांचा हिशेब होता.

मग बाई आजारी पडल्या. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं ते बऱ्या झाल्या म्हणून नव्हे. त्यांचा पलंग शिवणाच्या खोलीत खिडकीशी लावला. खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. एकाच जागी पडून पाठीला जखमा होतात, म्हणून मिस्त्री आणि त्यांची लेक त्यांची कूस बदलायचे. लेक दुसऱ्या गावी बेकरीत कामाला होती, रजा काढून आली होती. कूस बदलताना बाई ओरडायच्या. मित्रांनो, मी लाकूड आहे, माझ्या अंगात खिळे ठोकलेले आहेत, पण तो आवाज मला सहन व्हायचा नाही.

शेवटच्या सकाळी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, आज नको. आज राहू द्या मला अशीच."

मिस्त्रींनी हात मागे घेतले. दुपारच्या आत बाई गेल्या. लेक म्हणाली, चेहरा किती दिवसांनी शांत दिसतोय.  ती शांतता मिस्त्रींनी मनात धरून ठेवली, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

या दिवसांत फतकीची अंडी काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. ती माझ्यात साठत गेली आणि फतकी खुडूक बसली. बाईंना पोचवून माणसं परत आली, पांगली. मिस्त्री अंगणात आले आणि पालथ्या बादलीवर बसले. समोर फतकी. तिने पिसं फुलवली आणि फिस्स केलं. तिच्याखाली अंडी दिसली तसे त्यांचे डोळे भरून आले.

"बस तू," ते म्हणाले. "तुला कोणी हलवणार नाही."

लेक निघाली तेव्हा ते तिला म्हणाले, "पिल्लं होणार आहेत बघ. तुझ्या आईची बदकीण." लेकीने मान हलवली. तिलाही बदकांतलं काही कळत नव्हतं, आणि बापाच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी काहीतरी होणार असल्याची गोष्ट निघाली होती.

आता जे झालं ते मी खालून पाहिलं, म्हणून मलाच ते नीट माहीत आहे. खुडूक बदकीण दिवसातून एकदा तरी उठते. दाणे खाते, पाण्यात पाय बुडवते, घाण बाहेर टाकते आणि घाईने परत येते. मिस्त्रींनी प्रेमाने दाण्यांची वाटी आणि पाण्याचं भांडं तिच्या चोचीसमोरच आणून ठेवलं. तिची उठायची गरजच संपली. पाणी माझ्यात सांडू लागलं. पेंढा भिजला, खाली घाण साचली. तिला त्रास नको म्हणून तो कोणी बदलला नाही. तिचा डावा तळवा त्या ओलीत नरम पडला, मग त्याला चीर गेली, मग ती चीर सुजली. तो पाय माझ्या फळीवर टेकलेला असायचा. तो अंड्यांपेक्षा गरम लागत होता. आणि अंडी? ती नुसती तिच्या उबेने कोमट होती. आत कसलीच हालचाल नव्हती. पिल्लं निघायची वेळ येऊन गेली तरी नव्हती. मला हे ओरडून सांगावंसं वाटायचं, पण खणाला करकर करता येते ती कोणी ओढला तरच.

मिस्त्री रोज यायचे, बादलीवर बसायचे. कामावर जाणं त्यांनी सोडलं होतं. स्वतःचं ताट झाकून ठेवायचे आणि तसंच उचलून टाकायचे. फतकीने खाणं कमी केलं तेव्हा म्हणाले, "आईचं असंच असतं." तिने फिस्स करणं बंद केलं तेव्हा म्हणाले, "आता तुला माझी ओळख पटली." बाई असत्या तर त्या शब्दासरशी धावत आल्या असत्या.

काही आठवड्यांनी लेक आली. अंगणात पाऊल टाकताच तिने नाकाला ओढणी लावली.

"बाबा, कसला वास येतोय?"

"पेंढ्याचा असेल."

"पेंढ्याचा असा येतो? ही किती वाळलीय! उचला हिला."

"हात लावू नको," मिस्त्री मोठ्याने म्हणाले. "चालत्या पंपाला पाना लावायचा नाही. बसायचंय तिला, बसू दे."

"ती पंप नाहीये, बाबा. आणि तुम्ही तरी कुठे चालताय? आरशात बघितलंत का कधी?"

ती आल्या पावली परत गेली आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊनच आली. डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच. त्यांनी चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि माझ्यात सरळ दोन्ही हात घातले. फतकी चावली नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा तिथेच बदलला. त्यांनी तिला उचलून उलटी केली. तळवा लिंबाएवढा सुजला होता, मध्ये काळी खपली, आणि लाली वर घोट्यापर्यंत चढलेली.

"कधीपासून लंगडतेय ही, काका?"

"लंगडत नाही. उठतच नाही ना ती."

"कधी उचलून बघितलं नाहीत?"

"बसायचं होतं तिला," मिस्त्री म्हणाले. "अंडी आहेत. पिल्लं..."

डॉक्टरीणबाईंनी एक अंडं घेतलं, दाराआडच्या अंधारात नेलं आणि त्याला टॉर्च लावला. दुसरं घेतलं. तिसरं. मग विचारलं, "नर कुठाय?"

"नर होय? तो गेला की. मागेच कुत्र्यानं..." मिस्त्री बोलता बोलता थांबले. स्वतःचंच वाक्य त्यांनी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं. लेकीने खाली बघितलं. 

मग ते बादलीवर बसले आणि सगळं बोलून गेले. कूस बदलताना बायको कशी ओरडायची, शेवटच्या दिवशी काय म्हणाली, आपण हात कसे मागे घेतले. "तेव्हा ते बरोबर होतं ना?" त्यांनी विचारलं. "तुम्ही डॉक्टर आहात, सांगा. बरोबर होतं ना?"

"बरोबरच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या निघाल्या होत्या, काका. ही निघाली नव्हती."

मित्रांनो, त्या बाई काही कठोर नव्हत्या. त्यांनी खरं ते सांगितलं आणि लगेच कामाला लागल्या. शिवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली. मिस्त्रींनी फतकीला छातीशी धरलं. डॉक्टरीणबाईंनी खपली कापून आतला घट्ट पू काढला, जखम धुतली, मलम लावून पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. रोज दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, पट्टी बदलायची, चोच उघडून गोळी द्यायची. अंडी फेकायची. खुडकेपण जावं म्हणून तिला जाळीच्या पेटीत, विटांवर उचलून ठेवायचं, म्हणजे पोटाला खालून वारा लागेल. आणि मला तिच्या नजरेआड करायचं.

"वाचेल?" लेकीने विचारलं.

"आठवडाभर आधी बोलावलं असतंत तर हो म्हटलं असतं. आता प्रयत्न करू."

अंडी मिस्त्रींनी स्वतः पुरली. एक वाटेतच फुटलं आणि त्याचा वास त्यांच्या हातांना दिवसभर राहिला. त्यांनी मला घासलं आणि खोलीच्या बाहेर, खिडकीखाली ठेवलं.

त्यानंतर त्या माणसाला मी असं काम करताना पाहिलं, जसं त्यांनी पंपांवरही केलं नसेल. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायचे. फतकी तडफडायची, पंख आपटायची, त्यांच्या तोंडावर पाणी उडवायची. पहिल्यांदा त्यांचे हात सुटले. पुन्हा रजा काढून राहिलेली लेक म्हणाली, "धरा बाबा. तिला दुखतंय म्हणून सोडू नका."

"माहितेय," ते म्हणाले. "माहितेय गं. आता माहितेय."

आणि त्यांनी धरून ठेवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात घट्ट होते. पुढे एके सकाळी फतकीने त्यांचं मनगट पकडून पिळलं. ते ओरडले, "चावली! अगं, चावली!" लेक पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. मनगटावर लाल वळ उठला होता आणि मिस्त्री तो मिरवत होते. त्या दिवशी फतकीने मूठभर दाणे खाल्ले. मिस्त्रीही पोटभर जेवले. सूज उतरत होती. मलाही वाटलं, निभावलं.

पण मित्रांनो, उशिरा सुरू केलेलं औषध कधी कधी बाहेरून जिंकतं आणि आतून हरतं. तळवा बरा दिसत होता तेव्हाच गुडघा सुजायला लागला. मग एक पंख लोंबू लागला. फतकीने दाणे पुन्हा टाकले. डॉक्टरीणबाई आल्या, बराच वेळ तिच्या छातीला कान लावून बसल्या. दुसरं इंजेक्शन त्यांनी आधीच देऊन पाहिलं होतं.

"रक्तात उतरलंय," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी पाणी कोमट करून ठेवलं होतं. "आता पाय बुडवायचा ना? वेळ झालीय."

"नको, काका. आता नको हलवायला."

मिस्त्रींनी ते घमेलं तसंच हातात धरून ठेवलं. पाणी गार होईपर्यंत धरलं असतं. लेकीने ते काढून घेतलं.

मग ते खिडकीखाली आले आणि मला उचललं. कोरडा पेंढा घातला, हाताने चाचपून पाहिला, एक जाड काडी निघाली ती फेकून दिली. फतकीला आणून माझ्यात ठेवलं. ती इतकी हलकी झाली होती की पेंढा दबलासुद्धा नाही. तिने मान वाकवली आणि चोचीने पोटाखाली शोधायला लागली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. काही नव्हतं. पुन्हा शोधलं. ते बघवत नव्हतं.

मिस्त्रींनी हात खाली घातला. मूठ मिटून तिच्या पोटाखाली सरकवली. फतकीने चोचीने ती मूठ चाचपली, थोडी आपल्याकडे ओढली, आणि मग तिच्यावर बसली. पिसं फुलवून, सगळं अंग खाली सोडून, जशी अंड्यांवर बसायची तशी.

दुपार अशीच गेली. लेक चहा घेऊन आली.

"बाबा, हात काढा. मुंग्या येतील."

"आल्यात."

"मग?"

"असू दे."

तिने कप त्यांच्या डाव्या हातात दिला आणि शेजारी जमिनीवर बसली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. केव्हातरी फतकीचं वजन बदललं. मला ते कळलं, आणि मिस्त्रींनाही कळलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. तरी हात त्यांनी लगेच काढला नाही.

फतकीला भिंतीशी पुरलं. खड्डा मिस्त्रींनी खणला, मातीतले खडे लेकीने वेचून काढले. आज सकाळी त्यांनी मला पुन्हा घासलं. लेक म्हणत होती, जाळून टाकू या, रोगाचं लाकूड आहे. मिस्त्री म्हणाले, वाळू दे, मग बघू. माझं काय होईल ते मला माहीत नाही. जाळलं तरी माझी तक्रार नाही, माझं आयुष्य रिकामं गेलेलं नाही.

पण एवढं सांगून जातो. मित्रांनो, दुर्लक्षामुळे वस्तू मोडतात आणि जनावरं मरतात, हे तुम्ही बऱ्याच धड्यांत वाचलं असेल. फतकीकडे कोणी दुर्लक्ष केलं नव्हतं. तिच्यासमोर एक माणूस रोज बसून होता. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. त्याने फक्त हात घातला नाही.

तुमच्या घरात कोणी असं एका जागी बसलं असेल, जनावर असो की माणूस, आणि मला काही नको, मला हलवू नका म्हणत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. समोर वाटी ठेवून परत फिरूही नका. जवळ जा. तो चावेल. चावू द्या. दोन्ही हातांनी उचला, आणि खाली काय झालंय ते बघा.